मागच्या सीटचं बिल

संशय हा त्याचा मूळ धंदा आणि सोफे शिवणं हा जोडधंदा, असं त्याची बायको म्हणायची. बाजारात या एका गोष्टीवर तरी कुणाचं दुमत नव्हतं. लोक त्याला ‘दोनदा’ म्हणत. फोम घेताना हा म्हणणार, ‘दोनदा मोजा.’ सुटे पैसे दोनदा. दुकानाचं शटर ओढून चार पावलं गेला की मागे येऊन कुलूप हिसडून बघणार, आणि कोपऱ्यावरून परत एकदा येणार. कुणी ‘छान दिसताय आज’ म्हटलं तर घरी गेल्यावर विचार करत बसणार, की या माणसाला आपल्याकडून काय हवं असेल.

हात मात्र सोन्याचा. लोकांनी जिना उतरवून कचऱ्यापाशी ठेवलेली खुर्ची त्याच्याकडे आठवडाभर राहिली की तीच माणसं तिच्यावर बसायला बिचकत. पण त्या सोन्याच्या हातातही संशयाची एक अंगठी होतीच. कधीकाळी एक बाई दुसऱ्याच कुणीतरी शिवलेलं, उसवलेलं गादीचं कव्हर घेऊन आल्या आणि ‘तुमचंच काम आहे, फुकटात नीट करून द्या’ म्हणत दुकानात ठाण मांडून बसल्या. काम आपलं नाही हे त्याला दिसत होतं, सिद्ध करता येत नव्हतं. फुकटात करून द्यावं लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक कामात खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, जिथं गिऱ्हाइकाची नजर जन्मात जाणार नाही अशा जागी, तो एक टाका पिवळ्या दोऱ्याचा घालू लागला. एकच. पुढे कुणी उसवलेला माल घेऊन आलं की तो आधी कोपरा उलटा करी. पिवळं दिसलं तर काम त्याचं, नाही तर नमस्कार. जगाच्या बनेलपणाविरुद्ध काढलेला तो त्याचा स्वस्तातला विमा होता, आणि आजवर त्यानं एकदाही दगा दिला नव्हता.

सोफे, नमुन्यांच्या पिशव्या, फोमचे ठोकळे न्यायला त्यानं एक मोठ्या डिकीची गाडी घेतली होती. घेतली म्हणजे विकत नव्हे. कंपनीची गाडी, मुदतीच्या भाड्यानं. दरमहा हप्ता द्यायचा, मुदत संपली की गाडी जशीच्या तशी परत करायची, आणि सुरुवातीला ठेवलेली अनामत परत घ्यायची. ‘जशीच्या तशी’ या शब्दांखाली त्यानं सही करतानाच पेन्सिलीनं रेघ ओढली होती. कंपनीच्या माणसाला वाटलं, गिऱ्हाईक फार काळजीपूर्वक वाचतंय. तो प्रत्यक्षात मनात म्हणत होता, इथंच कुठंतरी सापळा आहे.

आता मुदत संपत आली होती आणि अनामतीवर सगळा डोलारा उभा होता. दुकानाच्या मालकाला जागा स्वतःसाठी हवी होती. दोनदानं नवी जागा पाहून ठेवली होती. उंच छत, मागच्या गल्लीतून टेम्पो आत येईल असा दरवाजा, आणि दिवसभर एकसारखा उजेड देणारी लांबलचक खिडकी. अशा खिडकीखाली टेबल टाकायचं तो लग्नाआधीपासून मनात घोळवत होता. नव्या जागेचे आगाऊ पैसे महिनाअखेरीस द्यायचे होते. साठवलेले पैसे अधिक अनामत बरोबर आगाऊ रक्कम, अशी ती बेरीज होती. तिच्यात एका चहाचीसुद्धा ढिलाई नव्हती. अनामत हातची गेली की खिडकी गेली, आणि जुनं दुकान तर जाणारच होतं. मग सोन्याचा हात घेऊन बसायचं कुठं, हा प्रश्न होता.

या बेरजेत एक खोट होती, आणि ती मागच्या सीटवर होती.

मागच्या वर्षी गाडी पुसताना त्याला ती दिसली. चामड्याला बोटभर फाट, कोपऱ्यात वळलेली. त्यानं चौकशी बसवली. बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला केस पिकायला लागले तरी घरात ‘छोट्या’च म्हणत, मध्यंतरी मित्राचं सामान हलवायला गाडी घेऊन गेला होता. खिडक्यांना काचा बसवायचा त्याचा धंदा. काचेला कडा असतात, कडेला धार असते. दोनदाच्या डोक्यात खटला तिथंच निकाली निघाला.

‘मी नाही फाडलं, भाऊजी,’ छोट्या म्हणाला होता. पण म्हणताना त्यानं मान खाली घातली, आणि दोनदानं ते टिपलं.

‘मग आपोआप फाटलं?’

‘ते मला विचारू नका.’

‘मग कुणाला विचारू?’

छोट्या काही बोलला नाही. दोनदानं ते कबुलीत जमा केलं.

मग त्यानं एका रविवारी शटर अर्धं ओढून ती सीट काढली. चामड्याचा राखाडी रंग हुबेहूब जुळेपर्यंत व्यापाऱ्याकडे खेटे घातले. जुनं आवरण टाका टाका उसवून त्याचे तुकडे सपाट पसरले आणि त्याबरहुकूम नवे कापले. असं शिवलं की जुनी सीट नव्या सीटची नक्कल वाटावी. जुने तुकडे चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. फेकायचे कशाला? उद्या कुणी म्हणालं, मूळचं चामडं यानं विकून खाल्लं, तर? फाट मिटली. मेव्हण्यावरचा आरोप तेवढा खात्यावर उभा राहिला.

गाडी द्यायच्या आधी दोन आठवडे कंपनीनं तपासणीला एक बाई पाठवल्या. पाठीला पिशवी, हातात पाटीएवढा स्क्रीन, पायांत आवाज न करणारे बूट.

‘काका, घाई नाही ना तुम्हाला? मी सावकाश बघते,’ त्या म्हणाल्या, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. नुकसान शोधायला आलेलं माणूस इतकं गोड का बोलतंय?

तो त्यांच्या मागे दोन हातांवर चिकटून फिरत होता. त्या वाकल्या की हा वाकायचा.

‘हा ओरखडा कधीचा?’

‘कुठला?’

‘हा. बंपरवरचा.’

‘तो ओरखडा आहे होय? मला वाटलं सावली पडलीय.’

‘सावली बोटाला लागत नाही, काका,’ बाई हसून म्हणाल्या आणि फोटो काढला. चाकाच्या रिमवरही काहीतरी दिसलं, त्याचाही काढला. मीटरचा काढला. ठरल्यापेक्षा गाडी जास्त पळाली होती, ते त्यालाही माहीत होतं. त्याबद्दल तो गप्प बसला. मग त्यांनी विचारलं, ‘दुसरी किल्ली?’

इथं घोळ झाला. दुसरी किल्ली त्यानं चोरांच्या भीतीनं इतकी नीट लपवली होती की ती आधी त्यालाच सापडेना. कपाटातल्या डब्यातल्या डब्यात नव्हती. शेवटी बायकोनं ती हिवाळी मोज्यांतून काढून दिली. तो धापा टाकत खाली आला तेव्हा बाई मागचं दार अगदी हळुवार लावत होत्या.

‘छान ठेवलीय गाडी,’ त्या म्हणाल्या.

त्या तीन शब्दांनी त्याची रात्रीची झोप उडवली.

बिल आलं. ‘अंदाजी आकारणी’ असं वर नाव होतं. जास्तीचं पळणं, बंपर, रिम, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत जाड: ‘मागची सीट. मूळ आवरण बदललेले. पूर्ण सीट नवी बसवावी लागेल.’ सगळ्याची बेरीज अनामतीला गिळून वर ढेकर देत होती. त्यानं बिल दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदाही वाचलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

दुसरा कुणी असता तर त्याला पहिला प्रश्न पडला असता, पैसे आणायचे कुठून. दोनदाला पडला, हिला कळलं कसं?

‘मी स्वतः शिवलीय ती सीट,’ तो बायकोला म्हणाला. ‘मला दाखवली तर मला ओळखू येणार नाही.’

‘तुम्हाला येणार नाही म्हणून जगाला येणार नाही?’

‘तुझ्या लक्षात येत नाहीये. मी वर होतो तेवढ्या वेळात ती बरोब्बर मागच्या सीटवर गेली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. म्हणजे कुणीतरी सांगितलं.’

‘अहो, आधी पैशांचं बघा. महिनाअखेर आलीय.’

‘पैशांचं त्यातच आहे.’

आधी चामड्याच्या व्यापाऱ्यावर खडा टाकून पाहिला. ‘काय शेठ, कंपनीवाले येतात वाटतं तुमच्याकडे माल घ्यायला?’ व्यापाऱ्याला वाटलं हा नवं गिऱ्हाईक आणतोय. त्यानं बाकडं पुढे सरकवलं, चहा मागवला, आणि कंपनीत कुणाची ओळख असेल तर आपल्यालाही सांगा म्हणाला. तिथं काही निघालं नाही. मग शेजारचा कुलूपवाला. त्या रविवारी शटर अर्धं असताना तो डोकावून गेला होता. ‘गाडीची सीट? मला वाटलं तुम्ही आत झोपलायत,’ कुलूपवाला म्हणाला. ‘पाय तेवढे दिसत होते.’ दोघं कटले. उरला छोट्या.

रविवारी छोट्या जेवायला आला तेव्हा दोनदानं त्याला पहिला घास खाऊ दिला.

‘काय रे, फोन स्वस्त झालेत म्हणे हल्ली?’

‘म्हणजे?’

‘कुठंही लावता येतो. मित्रांना, नातेवाइकांना. कंपन्यांना.’

छोट्यानं बहिणीकडे पाहिलं. ‘ताई, यांना ताप आहे का?’

‘ताप नाही, बिल आहे,’ ती म्हणाली.

‘सीट तू फाडलीस,’ दोनदा म्हणाला. ‘मी ब्र काढला नाही. स्वतःच्या खर्चानं शिवली. आणि तू जाऊन तिकडे सांगून मोकळा झालास.’

‘मला त्यात काय मिळणार?’

‘तेच शोधतोय.’

छोट्याचा घास हातातच राहिला. त्यानं पुन्हा एकदा बहिणीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. ती भांडं पुढे सरकवण्यात गुंतली होती. मग तो उठला, हात धुतले, दारात बूट चढवले.

‘भाऊजी, मी फाडली नाही आणि मी सांगितलंही नाही. पण तुमच्या हिशेबात मी एकदा नावे पडलोय. जमेच्या बाजूला मला घ्यायची तुमची रीतच नाही.’

दार लागलं. बायकोनं छोट्याचं राहिलेलं ताट उचललं आणि नळाखाली धरून बराच वेळ घासत राहिली. दोनदाला वाटलं, भावाच्या कृत्याची लाज वाटतेय बिचारीला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला फोन लावला. तिकडून एक मुलगा इतक्या मऊ आवाजात बोलायला लागला की दोनदानं फोन कानापासून जरा लांब धरला.

‘मला फक्त एवढं सांगा, तुम्हाला माहिती कुणी दिली?’

‘साहेब, प्रत्येक आकारणीसोबत फोटो जोडलाय. बिलाखाली लिंक आहे, तिच्यावर दाबा.’

‘लिंक दाबू? आणि माझं खातं रिकामं झालं की तुम्ही हात वर करणार!’

‘साहेब, बिल आमचं आहे तर लिंकही आमचीच असणार ना.’

‘बिल तरी तुमचं आहे कशावरून?’

‘आक्षेप असेल तर मुदतीत कळवा, साहेब,’ असं म्हणून मऊ आवाज संपला.

चार-पाच दिवस असेच गेले. नव्या जागेच्या मालकानं दोन वेळा निरोप पाठवला होता की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. (असं दुसरं गिऱ्हाईक खरंच आहे का, यावरही त्याचा संशय होता. पण तो संशय पडताळून पाहायचा म्हणजे जागा घालवायची, म्हणून तिथं तो गप्प होता.) उधारी मागायला तो दोघा-तिघांकडे गेला. त्या लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो आयुष्यभर लोकांकडे पाहत आला होता. पैसे कशाला हवेत, परत कधी, कशावरून? रिकाम्या हातानं परत आला. खिडकी डोळ्यांसमोरून जाईना.

‘फोन द्या इकडे,’ त्या संध्याकाळी बायको म्हणाली.

‘कशाला?’

‘फोटो बघायचेत.’

‘दाबू नकोस हां! दाबलंस तर... दाबलंस?’

‘दाबलं.’

तो खात्यातून पैसे जाण्याची वाट बघत उभा राहिला. पैसे गेले नाहीत. उलट फोटो आले. बंपर आला. रिम आली. मीटर आलं. मग मागची सीट. गादी कडेनं जराशी उचललेली, आतली खालची कड, डावा कोपरा. राखाडी शिवणीच्या एका सरळ ओळीत अंड्याच्या बलकासारखा पिवळाधमक एक टाका. खाली दोन ओळी: ‘कारखान्याच्या शिवणीत या रंगाचा दोरा वापरत नाहीत.’

बायकोनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. टाका आणखी पिवळा झाला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘कंपनीला सांगणारा माणूस सापडला.’

दोनदा खुर्चीत बसला. खुर्ची त्यानंच शिवलेली होती, तिच्याही कोपऱ्यात एक पिवळा टाका होता. त्यानं हात नकळत तिथं नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. सीट लपवायची म्हणून रंग जुळवला, दोरा जुळवला, टाक्याची लांबी जुळवली, आणि शेवटच्या क्षणी हातानं आपली नेहमीची पावती फाडून दिली. डोक्याला विचारलंही नाही.

‘मी गिऱ्हाइकांसाठी घालतो तो,’ तो पुटपुटला. ‘त्यांनी फसवू नये म्हणून.’

‘मग? या वेळी गिऱ्हाईक कोण होतं?’ बायको म्हणाली.

कंपनीच्या आवारात तो स्वतः गेला. तपासणीवाल्या बाई एका गाडीच्या टपावर टॉर्च मारत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं.

‘काका, खरं सांगू? इतकी सरळ शिवण मी या कामात पाहिली नाही. म्हणूनच थांबले. आमची शिवण इतकी चांगली नसते.’

हे कौतुक नेहमीसारखं संशयात टाकावं, एवढंही त्राण त्याच्यात नव्हतं. ‘आणि फाटकीच ठेवली असती तर?’

‘किती फाटली होती?’

त्यानं बोट दाखवलं.

‘एवढंच? मग दुरुस्ती लिहिली असती. थोडक्यात भागलं असतं. पण तुम्ही सगळंच बदललंत. आत काय घातलंय, काय काढलंय, आम्हाला काय माहीत?’

‘माझ्यावर विश्वास नाही?’

‘विश्वासाला यात रकानाच नाही, काका.’

त्याला पहिल्यांदाच त्या बाईंबद्दल आदर वाटला. हे बोलणं त्याला कळत होतं. हे त्याच्या घरचं बोलणं होतं.

‘मूळचं आवरण फेकलंत ना?’ त्यांनी विचारलं.

‘मी काही फेकत नाही.’

बाईंनी टॉर्च बंद केला. ‘मग ते परत बसवा. गाडी द्यायच्या दिवशी मी पुन्हा बघते. मूळचं असेल तर मूळचं लिहीन.’

माळ्यावरून गाठोडं खाली आलं. पण गाठोड्यापेक्षा अवघड काम आधी होतं. तो छोट्याच्या दुकानात गेला. छोट्या टेबलावर काच ठेवून हिऱ्याच्या पेनानं रेघ ओढत होता. रेघ पूर्ण होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.

‘उद्या वेळ आहे का?’ दोनदानं विचारलं.

‘कशाला? उलटतपासणी?’

‘राखणीला.’

‘कुणाच्या?’

‘माझ्या,’ दोनदा म्हणाला. ‘शिवताना माझ्या हातावर लक्ष ठेवायला माणूस पाहिजे. तो माझं ऐकत नाही.’

छोट्यानं काच हळूच टेबलाच्या कडेवर दाबली. ती रेघेवर कट्‌कन तुटली. ‘आणि बाहेर तुम्हाला राखणदार मिळाला नाही?’

‘बाहेरच्यांवर माझा विश्वास नाही.’

माफी मागण्याची ही एकच पद्धत दोनदाला येत होती, आणि छोट्याला ती ओळखता येत होती, हे नात्याचं भाग्य.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या आवरलेल्या दुकानात तिघं बसले. दोनदाची बायको दोरे ओवून देत होती. छोट्या स्टुलावर, पिवळ्या दोऱ्याचं रीळ मुठीत आवळून. काम उलट्या जातीचं होतं. स्वतःची उत्तम शिवण उसवायची, आणि जुने तुकडे जुन्याच भोकांतून असे जोडायचे की सुई एकाही नव्या जागी शिरता कामा नये. दोनदा मान खाली घालून शिवत होता. फाटेपाशी आला की त्याची बोटं आपसूक तिच्या कडा जुळवायला लागत. आतून एवढंसं ठिगळ लावलं तर काय होतंय?

‘भाऊजी. हात,’ छोट्या म्हणायचा.

हात मागे यायचा. थोड्या वेळानं पुन्हा जायचा.

‘भाऊजी.’

‘खाजवत होतो.’

‘सीटला?’

डाव्या कोपऱ्यापर्यंत काम आलं. दोनदाचा हात न बघता दोऱ्यांच्या डब्यात गेला, चाचपला, पुन्हा चाचपला. छोट्यानं मूठ उघडून दाखवली. ‘हे शोधताय?’

दोनदानं राखाडी दोरा उचलला. कोपरा राखाडीनंच बंद झाला. कपाळावरचा घाम पुसून त्यानं फाटेवरून अंगठा फिरवला. काम संपलं होतं, म्हणून जुना प्रश्न वर आला.

‘आता तरी सांग. मी काही म्हणणार नाही. तुझ्या काचेनंच ना?’

छोट्या आढ्याकडे बघायला लागला.

‘इस्त्रीच्या टेबलाच्या पायानं,’ बायको म्हणाली.

दोनदानं मान वळवली.

‘पाय वाकला होता, नीट करून आणायला नेलं मी. मागं आडवं टाकलं. वळणावर सरकलं. फाटलं.’ ती दोऱ्याला गाठ मारत होती. ‘छोट्या तेव्हा पुढे बसला होता.’

‘तू? आणि सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत कुठं?’

‘सगळ्यांना विचारलं!’

‘सगळ्यांना विचारलंत. छोट्याला, शेजाऱ्यांना, गाडी धुणाऱ्या माणसाला. मला एकदा तरी विचारलंत का? मी रोज वाट बघत होते, आज विचारतील, मग सांगून टाकू. तुमचा माझ्यावर संशयच नाही!’

‘अगं, मग ते चांगलंच आहे ना.’

‘चांगलं काय त्यात? इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढं पण करू शकत नाही असं वाटलं तुम्हाला?’

छोट्या खोकला. ‘ताई म्हणाली गप्प बस. मी बसलो. मला वाटलं आठवड्याचा प्रश्न आहे, वर्षभर माझ्या डोक्यावर बसेल हे कुठं माहीत होतं.’ मग तो बहिणीकडे वळला. ‘आणि तूही त्या दिवशी ताट उचललंस गं. मला नाही थांबवलंस.’

तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं ओवलेली सुई गादीत खोचली आणि छोट्याचा चहा स्वतःच्या हातानं गाळून आणला, साखर जास्त घालून. दोनदा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. आपल्या घरात आपल्या नाकाखाली एवढं मोठं गुपित वर्षभर सुखानं नांदलं, याचा त्याला राग यायला हवा होता. आला तो धसका. मग आणखी काय काय आहे?

गाडी द्यायच्या दिवसापर्यंत त्यानं अजून एक काम करून ठेवलं होतं. आता लिंक दाबायला तो शिकला होता, आणि शिकल्यावर तो थांबला नाही. गाडी घेतानाचे कंपनीचे जुने फोटो शोधून त्यानं एकेक दोनदा पाहिला. रिमवरचा खरवडा पहिल्याच दिवशीच्या फोटोत होता.

‘हे बघा,’ त्यानं बाईंना फोन दाखवला.

बाईंनी फोटो मोठा केला, चाकाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. ‘बरोबर आहे तुमचं. रिम काढते.’ मग त्या मागच्या सीटवर वाकल्या. गादीची कड उचलली. डावा कोपरा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा. त्या फाटेवर छोटी पट्टी ठेवून फोटो काढत होत्या, आणि ती फाट बघताना एका कारागिराला किती लाज वाटत असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

‘मूळचं,’ बाई म्हणाल्या. ‘दुरुस्ती.’

जास्तीच्या पळण्याचे पैसे भरायचेच होते. ते हप्त्यांनी घ्यायला कंपनी तयार झाली, दोनदानं तसं लेखी घेतलं आणि लेखी दोनदा वाचलं. बंपर आणि फाट अनामतीतून वजा झाले. उरलेली परत आली. आगाऊ रकमेला जेवढी कमी पडली तेवढ्यासाठी नव्या जागेत न्यायची मांडणीची कपाटं विकावी लागली. सोफ्याचे सांगाडे काही महिने भिंतीला टेकून उभे राहणार होते. पण टेबल खिडकीखाली गेलं. पहिल्या सकाळी त्यानं त्या उजेडात हात धरून पाहिला, पुढून आणि मागून.

उसवलेलं नवं चामडं एका गाठोड्यात पडून होतं. छोट्याच्या जुन्या गाडीच्या चालकाच्या सीटमधून स्प्रिंग बाहेर डोकावत होती. एके दिवशी दोनदानं काही न बोलता ती सीट काढून आणली आणि तेच चामडं कापून तिच्यावर चढवलं. शेवटची एक बाजू, हात दुखतोय म्हणून, बायकोकडे दिली.

मागच्या दरवाजानं दुकानात घेतलेली गाडी न्यायला छोट्या आला. बसून पाहिलं. उतरला. मग वाकून खालची कड चाचपली, डावा कोपरा, उजवा कोपरा. फोनचा टॉर्च लावून पुन्हा पाहिलं.

‘भाऊजी, पिवळा टाका विसरलात.’

‘नाही विसरलो.’

‘मग?’

‘तुझ्या गाडीत कशाला पाहिजे?’

छोट्या सरळ झाला आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिला. दोनदाकडून आलेला विश्वास त्यानं कधी हाताळला नव्हता, तो कुठल्या बाजूनं धरायचा हे त्याला कळेना. ‘काहीतरी आहे यात,’ तो म्हणाला, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला. ‘ताई, खरं सांग, यांनी आतल्या बाजूला तर नाही ना घातला?’

‘मला काय विचारतोस,’ ताई म्हणाली. ‘माझ्याकडे कुणी संशयानं बघतसुद्धा नाही.’

दोनदानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या बाहीला दोऱ्याचा एक बारीक तुकडा चिकटला होता, पिवळा. ती खिडकीबाहेर बघत होती, अगदी निरागस चेहऱ्यानं.

त्यानं नजर काढून घेतली. मग पुन्हा एकदा पाहिलं.